भिंतीवरचा आठवडा

मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, घर फिरून राहिलं."

नऊ वर्षांची होती. मी म्हटलं, उन्हातून आलीस, पाणी पी. तिने पेला धरला तर हात लटलट कापायला लागला आणि पेला फरशीवर पडला. तेवढ्यात मोरीतून सासूच्या ओकण्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मुलीला काखेत धरून मी मोरीत डोकावले. सासू भिंतीला टेकून बसली होती, लुगडं भिजलेलं, मान एका बाजूला कललेली. मागे वळते तर धाकटी जाऊ ओट्याला धरून उभी होती ती हळूहळू खाली घसरली आणि फरशीवर आडवी झाली. तिला पाचवा महिना चालू होता.

माझा नवरा रात्रपाळी करून मागच्या खोलीत झोपला होता. आवाजाने उठून बनियनवर दारात आला. त्याने आईला पाहिलं, मुलीला पाहिलं, मग जमिनीवर पडलेल्या जावेला पाहिलं आणि मला म्हणाला, "तिले उचल."

"माह्या हातात पोरगी हाये," मी म्हटलं.

तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. तो तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, तिच्या अंगाला हात लागू द्यायचा नाही, ती स्वयंपाकघरात असली तर आत यायचं नाही. दोन वर्षं एका क्वार्टरात राहून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तिची नजर फिरायला लागली तेव्हा तो आत आला, वाकला आणि तिला दोन्ही हातांवर उचलून बाहेर घेऊन गेला. जाताना म्हणाला, "बाई, डोये मिटू नोको. डोये उघडे ठेव."

माझी मुलगी माझ्या काखेत थरथरत होती. सासू मोरीत कण्हत होती. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की हा तिला किती सांभाळून धरतो आहे. मला कधी याने असं धरलं नव्हतं. हे खरं आहे म्हणून लिहिते.

आम्ही तेव्हा कोराडीला वीज केंद्राच्या वसाहतीत राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी आणि मागे एवढंसं अंगण. नवरा आणि दीर दोघेही केंद्रात पाळीवर. घरात आठ माणसं : आम्ही दोघं, आमचे दोन मुलगे आणि ही मुलगी, सासू, दीर, जाऊ. सासूला आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो.

पाळी म्हणजे काय ते पाळीवाल्याच्या बायकोलाच कळतं. पहिली सकाळी सहा ते दोन, दुसरी दोन ते रात्री दहा, तिसरी दहा ते पहाटे सहा. दर आठवड्याला बदल. दोघे भाऊ एका पाळीत क्वचितच येत. एकाचा डबा पहाटे पाचला, दुसरा तेव्हा कामावरून यायच्या बेतात. एकाचं रात्रीचं जेवण सकाळी, दुसऱ्याचं सकाळचं दुपारी तीनला. मधे मुलांची शाळा. शेगडी कधी गार पडत नव्हती. पाळ्यांचा कागद दाराजवळ चिकटवलेला असायचा आणि घर त्यावर चालायचं.

त्या घरात स्वयंपाकघर तेरा वर्षं माझं होतं. सकाळ झाली की जो तो मला विचारायचा, "आज काय?" नवरा विचारायचा, पोरं विचारायची, सासूसुद्धा विचारायची. मी कधी सांगायची, कधी म्हणायची, ताटात येईल तेव्हा पाहा. ठरलेलं काही नसायचं. हाताला लागेल ते करायचं. भाजी संपली तर झुणका, पीठ संपलं तर भात. दिवसातून तीनदा काय करायचं हे उभ्याउभ्या ठरवताना डोकं उठायचं, पण ठरवणारी मी होते. मी उमरेडच्या विणकराची मुलगी. चौथीपर्यंत शिकले, मग मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसले. मला दुसरं काही येत नव्हतं. त्या एका प्रश्नावर माझं घरात वजन होतं, आणि ते मला माहीत होतं.

धाकटी नागपुरातल्या धरमपेठेतली. मॅट्रिक झालेली, वडील कचेरीत कारकून. ती "मला", "तुला" असं पुस्तकातलं बोलायची. आम्ही "मले", "तुले". पोरं तिची नक्कल करायची आणि हळूहळू तसंच बोलायला लागली. पहिलं वर्ष तिने मी सांगितलं ते केलं. कांदा चीर म्हटलं की कांदा चिरला. मग एक दिवस तिने वही काढली आणि आपण रोज काय खातो ते लिहायला लागली. मी विचारलं, काहून लिहितेस? म्हणाली, सहज. पंधरा दिवस लिहिलं. मग माझ्यासमोर वही धरून म्हणाली, "ताई, पंधरा दिवसांत नऊ वेळा आलू झालेत."

मी म्हटलं, "मंग काय झालं? कोणी मेलं काय?"

"तसं नाही. शनिवारच्या बाजारातली पालेभाजी मात्र सोमवारी फेकतो आपण. आधी ती करावी, आलू मागून. आलू काही नासत नाहीत."

नऊ वेळा आलू. हे मला तेरा वर्षांत कोणी मोजून दाखवलं नव्हतं. दीर शेजारच्या खोलीत हसला. मला ते हसणं अजून ऐकू येतं.

पुढच्या रविवारी तिने जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं केलं, पट्टीने रेघा मारल्या आणि निळ्या शाईने सात दिवस लिहून ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर, ओट्याच्या वर चिकटवलं. पाळ्यांचा कागद समोर ठेवूनच तिने ते केलं होतं. ज्याची रात्रपाळी त्याला सकाळी आल्यावर जड नको, म्हणून वरण-भात. ज्याची पहिली पाळी त्याच्या डब्यात रस्सा नको, सांडतो, कोरडी भाजी. शनिवारी बाजार, म्हणून शनिवार-रविवार पालक, मेथी, अंबाडी. मग वांगी, दोडके. मग कोहळं, मग आलू. गुरुवारी मोड आलेली मटकी, म्हणून मंगळवारच्या चौकोनात बारीक अक्षरात "मटकी भिजवणे". बुधवारी कढी-गोळे, कारण मंगळवारचं दही तोवर आंबतं. उपासाच्या दिवसाला लाल टिंब.

आणि तो कागद चालला, हे मला कबूल केलं पाहिजे. भाजी फेकणं बंद झालं. पहाटे पाचला दिवा लावून आता काय करू म्हणून उभं राहणं बंद झालं. आदल्या दिवशीच अर्धं काम झालेलं असायचं. शेजारच्या क्वार्टरातल्या दोघी येऊन कागद पाहून गेल्या आणि आपापल्या घरी तसाच लावला. त्यांनी विचारलं, कोणी केला? सासूने सांगितलं, "आमच्या धाकटीनं." पुन्हा सांगितलं, न विचारता.

सासूला वाचता येत नव्हतं. ती दर रविवारी दारात बसून धाकटीकडून तो कागद वाचून घ्यायची. पोथी ऐकावी तशी ऐकायची. "अन् बुधवारी वं?" म्हणायची. "अन् गुरुवारी?" मी तेरा वर्षं त्या बाईला रांधून घातलं, मला कधी तिने गुरुवारचं विचारलं नाही.

मला आता कोणीच काही विचारत नव्हतं. पोरं आत यायची, मान वर करून भिंत वाचायची आणि जायची. मी ओट्यापाशी उभी असायची आणि त्यांची नजर माझ्या डोक्यावरून जायची. मला ते वाचायला वेळ लागायचा. अक्षर अक्षर जुळवून वाचावं लागे, म्हणून सगळे बाहेर गेले की वाचायची.

मी एकदा मंगळवारचं बुधवारी आणि बुधवारचं मंगळवारी केलं. मुद्दाम. वाटलं, आता गोंधळ होईल. दीर जेवला, ढेकर दिली, म्हणाला, आज गोळे चांगले झाले. धाकटीने कागदावर दोन बाण काढून दिवसांची अदलाबदल केली आणि मला म्हणाली, बरं केलंत ताई, दही आज जास्तच आंबट झालं होतं. तिच्याशी भांडायला जागाच नव्हती. ते मला सगळ्यांत जास्त लागायचं.

नंतर कागदाच्या खाली एक ओळ दिसली. पेन्सिलीने, गिचमिड. मी जुळवून वाचली : "पाटवड्या होतील काय." अक्षर माझ्या नवऱ्याचं होतं.

त्याला तिच्याशी बोलता येत नव्हतं ना. एरवी काही हवं असलं तर तो मला सांगायचा आणि मी तिला सांगायची. आता कागद सापडला. धाकटी मोरीत किंवा अंगणात असेल तेव्हा तो स्वयंपाकघरात जायचा, पेन्सिलीने लिहायचा आणि बाहेर यायचा. ती नंतर वाचायची आणि बरोबरची खूण करायची. शुक्रवारी पाटवड्या झाल्या. पुढच्या आठवड्यात ओळ आली, "डब्यात मिरची कमी." तिने खूण केली. मग एकदा, "कढी चांगली होती."

कढी मी केली होती.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्या माणसाने मला एक ओळ लिहिली नव्हती. माहेरी असतानाही नाही. मी त्याला म्हटलं, लेखन फार सुरू झालं तुमचं. तो म्हणाला, "तिच्याशी कसं बोलू मी? तुलेच सांगत होतो पहिले, तं तू विसरत होती." एवढंच बोलून वर्तमानपत्र उघडलं. त्याच्या मनात काही नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून काही उपयोग होत नाही. मी खोडरबराने ती कढीची ओळ खोडली. कागदाला तिथे पांढुरका डाग पडला आणि धाकटीने तो पाहिला.

श्रावण आला. आमच्या घरी बायकांचा श्रावणी सोमवार कडक. सकाळी फराळ, सूर्य मावळल्यावर जेवण. फराळाला भगर, म्हणजे वरीचे तांदूळ. धाकटीच्या माहेरी उपासाला साबुदाणा असायचा. भगर तिने शिजवलेली खाल्ली होती, पण भगरीच्या पिठाची थालीपीठं तिने आमच्याकडेच पाहिली. सासूला ती फार आवडायची. धाकटीने श्रावण लागायच्या आधीच महिन्याचा कागद केला. चारही सोमवारी थालीपीठं. चक्कीवर श्रावणात उपासाच्या दळणाला रांग लागते, आधीचं गव्हाचं पीठ झाडून मगच ते दळतात. म्हणून तिने चार सोमवारची भगर एकदम दळून आणली आणि डब्यात भरून झाकण घट्ट लावलं.

भगरीचं पीठ ठेवायचं नसतं. त्यातून श्रावणातली हवा. माझी आई भगर त्याच दिवशी धुऊन, वाळवून, जात्यावर लागेल तेवढीच दळायची. उरलं तर गाईला घालायची, दुसऱ्या दिवसाला ठेवायची नाही. मला हे इतकं माहीत होतं की मला माहीत आहे हेही कधी आठवावं लागलं नव्हतं. धाकटी डबा घेऊन आली तेव्हा मी ओट्याशी होते. चार सोमवारचं एकदम आणलं, आता कटकट नाही, असं ती म्हणाली. मी काही बोलले नाही. मनात म्हटलं, आता कागदाला विचार.

पहिला सोमवार बरा गेला. दुसराही. तिसऱ्या सोमवारी सकाळी तिने डबा उघडला आणि नाक वर केलं. मग माझ्यापुढे डबा धरला.

"ताई, पिठाला वास येतो का हो? की मलाच येतोय? मला हल्ली पाण्याचासुद्धा वास येतो."

मी वास घेतला. कुबट होता. ओल्या गोणपाटासारखा. झाकणाच्या आतल्या बाजूला पीठ गोळा होऊन चिकटलं होतं, तेही मला दिसलं.

मी म्हटलं, "तुलेच येत असन. पोटुशी बाईले सगळ्याचाच वास येते."

ती हसली. म्हणाली, तेच म्हटलं. आणि परातीत पीठ काढलं.

मला कोणाला मारायचं नव्हतं. हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की थालीपीठ कडवट लागेल, सासू पहिला घास थुंकेल आणि सगळ्यांसमोर म्हणेल, हे काय केलं वं? आणि तिच्या त्या कागदावर एकदाचा डाग पडेल. पण तिने हिरवी मिरची, जिरं, दाण्याचं कूट घातलं. सासू तपकीर ओढायची, तिच्या नाकाला काही कळायचं नाही. तिने दह्यासोबत तीन खाल्ली आणि चांगली झाली म्हणाली. धाकटीने दोन खाल्ली. मी केळं खाल्लं आणि पोट बरं नाही म्हटलं.

मुलीला उपास नव्हता. पण श्रावणी सोमवारची शाळा अर्धी असते, हे माझ्या लक्षात नव्हतं. मुलगे मैदानावरच रेंगाळले, ती घरी आली तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. काकूने तिला तव्यावरचं शेवटचं थालीपीठ दिलं. मी आत आले तेव्हा ती बोटं चाटत होती.

मी तेव्हाही बोलले नाही. बोलले असते तर सकाळचं बाहेर आलं असतं. तासाभराने ती बाहेर खेळून आली आणि उंबऱ्यावर बसली.

शेजारच्यांनी धावत जाऊन केंद्राची जीप आणली. सासूला शेजारणीने धरलं, मुलगी माझ्या मांडीवर, धाकटी मागच्या बाकावर आणि नवरा तिचं डोकं धरून. वसाहतीतल्या दवाखान्यात तिघींना तीन खाटांवर घेतलं, सलाइन लावलं. तिघींचे हात कापत होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. सासू मला ओळखत नव्हती, मला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती. पाळी सुटल्यावर दीर थेट तिथेच आला, कोळशाने काळा, आणि बायकोच्या खाटेपाशी उभा राहून डॉक्टरला एकच विचारत राहिला, पोटातलं कसं आहे? डॉक्टर म्हणाला, आत्ता सांगता येत नाही.

काय खाल्लं म्हणून त्याने विचारलं. नवऱ्याने घरी जाऊन डबा आणला. डॉक्टरने झाकण काढलं आणि मान मागे घेतली. म्हणाला, पिठाला बुरशी धरली आहे, श्रावणात अशा केसेस येतातच. मग विचारलं, "अहो, केवढा वास येतोय याला. करताना कोणाला कळलं नाही?"

मी मुलीच्या खाटेवर बसले होते. धाकटीने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग डॉक्टरला म्हणाली, "मी केली. मला कळलं नाही."

मी त्या खाटेवर तिला मनातून शिव्या दिल्या. तिने सांगितलं असतं तर मी खोटं बोलले असते, भांडले असते, पोटुशीचं डोकं फिरलं म्हणाले असते. तिने ते करू दिलं नाही. इथेही ती माझ्यापेक्षा वरचढ निघाली, असं मला वाटलं. सलाइन लावलेल्या बाईचा हेवा करणारी दुसरी कोणी मी पाहिलेली नाही.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना घरी सोडलं. धाकटीला महिनाभर आराम सांगितला. दिराने घरी आल्याआल्या तो कागद भिंतीवरून ओढून फाडला. सासू अंथरुणात पडल्यापडल्या म्हणाली, शिकलेल्या पोरीले स्वयंपाक शिकवाले पाहिजे होता. चाळीसच्या चाळीस क्वार्टरांत बातमी गेली. ज्या दोघींनी आपल्या घरी कागद लावला होता त्यांनी काढून टाकला. वसाहतीत धाकटीचं नाव निघालं की बाया म्हणायच्या, महिन्याचं एकदम दळणारी. ती कोणाला काही बोलली नाही. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची आणि पोटावर हात ठेवून हलतं का ते पाहायची. ते चार दिवस हललं नव्हतं.

आणि सगळे पुन्हा मला विचारायला लागले, आज काय? जे मला हवं होतं ते सगळं परत आलं. पहाटे पाचला मी दिवा लावून उभी राहायची आणि काय करावं ते सुचायचं नाही. पहिले चार दिवस आलू केले.

पाचव्या दिवशी नवरा पहिल्या पाळीवरून आला, पाटावर बसला आणि म्हणाला, "आज काय हाये?"

मी ताट वाढलेलं तसंच हातात धरलं आणि म्हटलं, "तिनं मले विचारलं होतं."

"कोनं?"

"तुमच्या भावाच्या बायकोनं. पिठाले वास येते काय म्हणून विचारलं होतं. मले येत होता. मी नाही म्हणलं."

त्याने विचारलं, "काहून?"

काय सांगणार होते? तुम्ही कागदावर कढी चांगली लिहिलं म्हणून? मी ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते बाजूला सरकवलं, उठला आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत सासूही होती, तिने आमचं बोलणं ऐकलं होतं. तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, धाकटीशी बोलला.

"बाई, तुमची चूक नव्हती. मले आज समजलं."

ती उठून बसली, डोक्यावर पदर घेतला. म्हणाली, "मला माहीत होतं, दादा."

त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलायला लागला. कोणी हरकत घेतली नाही. ज्याने उचलून नेलं त्याने बोलू नये असं कोण म्हणणार होतं? पुढे शेवटपर्यंत दोघं बोलायची, भाजीवर, पाळीवर, राजकारणावर. हे मी माझ्या तोंडाने घडवून आणलं.

सासूने मला जवळ बोलावलं. वाटलं, मारेल. ती म्हणाली, "घर तुले पाहिजे होतं तं मांगायचं होतं मले. मी देल्लं असतं. माह्या नातीले काहून खाऊ देल्लं वं?"

दीर माझ्याशी दोन महिने बोलला नाही. त्याने वेगळ्या क्वार्टरासाठी अर्ज केला, ते मिळायला पुढे तीन वर्षं लागली. तोवर आम्ही एकाच ओट्यावर होतो.

महिनाभराने धाकटी स्वयंपाकघरात आली. पुन्हा एक कॅलेंडरचं पान आणलं, रेघा मारल्या आणि पेन माझ्या हातात दिलं. म्हणाली, वार तुम्ही लिहा. मी म्हटलं, माझं अक्षर खराब आहे. म्हणाली, मला वाचता येतं. मी सात वार लिहिले, गुरुवारचा रु चुकला. खाली मी माझी एक ओळ घातली : भगर त्याच दिवशी दळणे. तिने माफ केलं असं मला वाटत नाही. तिला ओट्यावर दुसरं माणूस हवं होतं, आणि मला पिठं, डाळी, लोणची यांतलं कळत होतं ते तिला कळत नव्हतं. कागद दोघींचा झाला. सोमवारचं मी ठरवायची, डब्यांचं ती.

वर्षभर तिने माझ्या हातचा पहिला घास वास घेतल्याशिवाय तोंडात घातला नाही. माझ्यासमोर घ्यायची, नीट, घाई न करता. मी वाढत उभी राहायची.

हेवा गेला का म्हणून माझी सून मला विचारते. नाही गेला. तिचं अक्षर अजून चांगलं आहे.

भगर तिघींनी खाल्ली होती. सासू त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि म्हातारपणाने गेली. माझ्या मुलीला आता दोन नातवंडं आहेत, ती खापरखेड्याला असते. जाऊ आहे. तिच्या पोटातलं बाळ पाचव्या दिवशी संध्याकाळी हललं आणि दिवस भरून जन्मलं. मुलगा झाला, तोही आहे.